परशुरामाचा बाण: चूक की बरोबर?

मयेकरीण:

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, वाचून घ्या.

मुलगा सातवीत. घरात आम्ही कोकणीच बोलतो. चौथीपर्यंत तो गावच्या मराठी शाळेत होता, पाचवीपासून इंग्रजी माध्यम, आणि मराठी आता एक विषय म्हणून उरली आहे. वाचताना अडखळत नाही. वर्तमानपत्रातली क्रिकेटची बातमी दिली तर सगळी उत्तरं धडाधड लिहितो. गाडी अडते ती पुराणातली गोष्ट किंवा कविता आली की.

परवाच्या चाचणीत अपठित उतारा आला होता परशुरामाचा. पृथ्वी जिंकली, ती कश्यप ऋषींना दान केली, मग समुद्राकडे जमीन मागितली, बाण सोडला, समुद्र हटला, कोकणची भूमी वर आली, एवढाच. 'चूक की बरोबर ते लिहा' मध्ये वाक्य होतं: परशुरामाने बाण मारून समुद्र मागे हटवला. चिरंजीवांनी लिहिलं 'चूक', आणि जागा नसताना समासात कारणही दिलं: बाणाने समुद्र हटत नाही. लाल फुली. आता घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो पोर बरोबर आहे. सासूबाईंचं माहेर पैंगीणचं, तिथे परशुरामाचं देऊळ आहे, तेव्हा त्यांना काय वाटलं ते विचारूच नका.

पुढचा प्रश्न होता: परशुरामाने समुद्राकडेच जमीन का मागितली? याने लिहिलं, 'कारण त्याला जमीन हवी होती.' दोनांपैकी अर्धा गुण.

कवितेचंही तेच. बाईंनी वर्गात बालकवींची 'औदुंबर' घेतली होती. औदुंबर जळात पाय टाकून बसला आहे यातून कवीला काय सुचवायचं आहे? उत्तर: झाडाला पाय नसतात.

गंमत म्हणजे इंग्रजीच्या पेपरात इकॅरसची गोष्ट आली होती, मेणाने चिकटवलेले पंख लावून उडणाऱ्या मुलाची, तेव्हा या गृहस्थांनी एक शंका काढली नाही. पैकीच्या पैकी.

मी औषधांच्या दुकानात बसते, कविता शिकवणं माझ्या जमण्यातलं नाही. 'असंच असतं, लिही गप्प' असं सांगायचं नाहीये. त्याची शंका मारायची नाही आणि गुणही जाऊ द्यायचे नाहीत. कसं करावं?

*

फोंड्याचा बाबा:

पोराला माझ्यातर्फे एक आइस्क्रीम. आमच्याकडे उलटा आजार आहे. 'या कथेचे तात्पर्य लिहा' म्हटलं की मुलगी डोळे मिटून 'मोठ्यांचे ऐकावे' लिहून मोकळी. ससा-कासव असो की वामनावतार. मी म्हटलं, अगं, बळीराजाला शुक्राचार्य 'देऊ नकोस' असंच सांगत होते. त्याने गुरूचं ऐकलं नाही, म्हणून तर पाडव्याला आपण त्याचं नाव घेतो. तर म्हणते, 'मग तात्पर्य काय लिहू, मोठ्यांचे ऐकू नये?' मी टीव्ही लावला.

*

वर्गशिक्षिका तिसवाडी:

ताई, मी सहावी-सातवीलाच मराठी शिकवते, म्हणून लिहिते. तुमच्या मुलाचं वाचन कच्चं नाही. क्रिकेटची बातमी त्याला समजते कारण क्रिकेट त्याला आधीच येतं. १९८८ मध्ये अमेरिकेत रेख्ट आणि लेस्ली या दोघींनी केलेला प्रयोग आम्हाला बीएडला होता. मुलांना बेसबॉलच्या सामन्यावरचा उतारा दिला, आणि मैदानाचं लहान मॉडेल आणि लाकडी खेळाडू देऊन वाचलेलं करून दाखवायला सांगितलं. ज्यांचं वाचन कमकुवत समजलं जायचं पण बेसबॉल माहीत होता, त्यांनी वाचनात हुशार पण बेसबॉल न कळणाऱ्यांना मागे टाकलं.

आता हेच पुराणकथेला लावा. कश्यप कोण, पृथ्वी दान देणं म्हणजे काय, एकदा दिलेलं परत का घेता येत नाही, हे आपल्या आज्यांना सांगावं लागत नसे, आपल्या मुलांना लागतं. उतारा काढणारा मात्र हे सगळं ठाऊक आहे असं धरून चालतो. माझ्या वर्गात तर अर्ध्या मुलांच्या घरी परशुरामाची गोष्ट कोणी सांगतच नाही, काहींच्या घरी बायबलातल्या गोष्टी सांगतात. त्यांना तो उतारा मुळातच परका असतो, मग भाषा कितीही सोपी असो.

म्हणून माझं सांगणं: सराव-उताऱ्यांच्या पुस्तकांवर पैसे घालवण्याआधी रात्री एक गोष्ट सांगा, परीक्षेशी संबंध नसलेली. सासूबाई घरात आहेत ना?

*

मडकईचा मास्तर:

तिसवाडीच्या बाईंचं पटलं, पण पूर्ण नाही. गोष्ट ठाऊक असून ती न वाचणारी पोरं मी आयुष्यभर पाहिली. ठाऊक असते म्हणूनच वाचत नाहीत. 'परशुराम' शब्द दिसला की आजीची गोष्ट आठवून उत्तरं लिहितात आणि उताऱ्यात काय वेगळं आहे तिकडे बघत नाहीत. मराठी शिकवून मी निवृत्त झालो, आता नातवंडं आणि शेजारची पोरं ओसरीवर बसवतो. तेव्हा ताई, सवडीने वाचा.

आधी लाल फुली. प्रश्नाच्या डोक्यावर 'उताऱ्याच्या आधारे' असे शब्द होते का ते बघा. असतील तर फुली बरोबर. नसतील तर बाईंना भेटून नम्रपणे सांगा की पुढच्या वेळी घाला, कारण असं पोर प्रत्येक वर्गात एखादं असतंच आणि ते वर्गातलं सगळ्यात जागं पोर असतं. मुलाला एवढंच सांगा की इथे प्रश्न दोन आहेत. उतारा काय म्हणतो, हा एक. जगात काय घडतं, हा दुसरा. पत्ते खेळताना राजा गुलामापेक्षा मोठा का, असं कोणी मध्येच विचारत नाही. डाव संपल्यावर खुशाल विचारावं. पेपर हा डाव आहे.

पण मला काळजी या उत्तराची नाहीच. काळजी त्या दुसऱ्याची आहे, 'कारण त्याला जमीन हवी होती'. तुमच्या घरात दोन तट पडले ते पहिल्या उत्तरावर, आणि खरी गळती आहे दुसऱ्यात.

उतारा परत वाचा. सुरुवातीला तो सगळी पृथ्वी दान करतो. शेवटी समुद्राकडे वळतो. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध काय, ते उताऱ्यात लिहिलेलं नसणार, मी पैज लावतो. वाचणाऱ्याने तो जोडायचा. सगळी पृथ्वी देऊन टाकली. दान दिलेल्या जमिनीवर आपण राहायचं नाही. मग पृथ्वी नाही असं उरलं काय? पाणी. म्हणून समुद्र. दुसरीकडे जायला त्याला जागाच नव्हती. यात चमत्कार कुठे आहे? हा चोख हिशेब आहे, आणि तुमच्या हिशेबी पोराला तो नक्की आवडेल. त्याची गल्लत अशी झाली की बाणाचा राग येऊन त्याने बाकीची गोष्ट वाचायचीच सोडून दिली.

हे शिकवायला मी ओसरीवर एक खेळ खेळतो. गोष्टीतली एक गोष्ट काढून टाकायची आणि काय कोसळतं ते बघायचं. परशुरामाने दान केलंच नसतं तर? समुद्राकडे जायचं कारण गेलं, बाण गेला, कोकण गेलं. बाण काढला आणि त्याने नुसतं हात जोडून मागितलं असतं तर? गोष्ट उरते, पण परशुराम उरत नाही, दुसराच कोणी साधू होतो. जे काढल्यावर सगळं कोसळतं त्यावरच बहुतेक प्रश्न येतो. पोरं पटापट शिकतात, कारण मोडतोड करायला त्यांना आवडते.

आणि डाव संपल्यावर त्याच्या शंकेला पोटभर खाऊ घाला. त्याला दक्षिण गोव्यातल्या बाणावलीला न्या आणि सांगा, लोक म्हणतात बाण इथे पडला म्हणून हे नाव. मग सांगा, केरळात हीच गोष्ट सांगतात पण तिथे परशुराम बाण सोडत नाही, परशू फेकतो. एकाच माणसाची दोन ठिकाणी दोन हत्यारं कशी? इथपासून तो स्वतः शोधायला लागेल. खोटं-खोटं म्हणत बसणाऱ्या पोराला 'खरं आहे रे' म्हणून काही होत नाही, जास्त चांगला प्रश्न द्यावा लागतो.

आमच्याकडे जुवारी नदीच्या काठाला खाजनं आहेत, म्हणजे खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली शेतं. बांध, बांधाला मानस म्हणजे पाण्याची झडप, आत पोय म्हणजे पाणी साठायचं तळं. भरतीचं पाणी चढलं की मानशीची दारं पाण्याच्या दाबानेच मिटतात, ओहोटीला उघडतात आणि आतलं पाणी बाहेर जातं. या बांधांच्या आत भात पिकत आलं आहे, बाहेर खारं पाणी. मी नातवाला बांधावर उभं करून विचारलं, इथे राहणाऱ्या लोकांना ती समुद्र हटवल्याची गोष्ट का आवडली असेल? गोष्ट खाजनांतून जन्मली असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला पुरावा लागतो आणि माझ्याकडे तो नाही. पण लोकांना ती सांगावीशी का वाटली, एवढं सातवीच्या पोराला विचारता येतं. त्याने विचार करून सांगितलं, 'आम्ही पण हटवतो ना.' याहून चांगलं आकलन मी दहावीच्या पेपरांत क्वचित वाचलं.

इकॅरसचं कोडं सोपं आहे. त्याचं देऊळ गोव्यात नाही. लांबची गोष्ट पोरं गोष्ट म्हणून वाचतात. जवळच्या गोष्टीला घरचे हात जोडतात, म्हणून तिथे 'खरं का?' विचारावंसं वाटतं. तुमचा मुलगा बाणाशी भांडत नाहीये, आजीशी भांडतोय. आणि ते पैकीच्या पैकी मलाही एकदा तपासायचे आहेत हां. इकॅरसच्या बापाने, डिडेलसने, पोराला दोन गोष्टी बजावल्या होत्या: फार वर जाऊ नकोस, ऊन मेण वितळवेल, फार खालीही येऊ नकोस, समुद्राचं पाणी पिसं जड करील. बहुतेक पोरं पहिलीच लिहितात आणि खाली 'मोठ्यांचे ऐकावे'. दोन्ही लिहिल्या तर गोष्ट मधल्या वाटेची होते. विचारून बघा त्याला.

आता कविता. 'झाडाला पाय नसतात' हे उत्तर चुकीचं नाही, अर्धं आहे. जिथे खटकतं तिथेच त्याने बोट ठेवलं. मग बोट उचलून घेतलं. कवितेत जे खटकतं ते कवीने मुद्दाम ठेवलेलं असतं; शहाणं पोर तिथे थांबतं.

'औदुंबर' आठच ओळींची आहे. अर्थ सांगू नका. दोनदा मोठ्याने वाचा, एकदा तुम्ही, एकदा तो. मग पाठकोरा कागद आणि रंगीत खडू द्या, आणि ओळीमागून ओळ नकाशा काढायला लावा.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासांवळा झरा वाहतो बेटाबेटांतुन

झरा आला, दोन्ही काठ आले, बेटं आली. पुढे टेकडीकडे चार घरांचं गाव, शेतमळे, त्यांतून पांढरी पायवाट, ती हिरव्या कुरणातून काळ्या डोहाकडे. खडू हातात आपोआप बदलत जातात: हिरवा, निळा, पांढरा, काळा. कागद पुरा झाला की एकच विचारा, यात माणूस कुठे आहे? पोरगं शोधत बसेल. घरं आहेत, माणूस नाही. शेतं आहेत, राबणारा नाही. पायवाट आहे, चालणारा नाही; पायवाट स्वतःच चालली आहे. आणि अख्ख्या चित्रात बसलेला असा एकच, पाण्यात पाय टाकून. तो झाड निघतो.

आता विचारा, झाडाला पाय का दिले असतील? माझ्या ओसरीवर एकदा एक मुलगी म्हणाली, वाट चालत चालत तिथवर आली आणि तिथेच बसली. दुसरा म्हणाला, सगळं गाव मागे टाकून कोणीतरी एकटं येऊन बसलंय. एकाला तो डोह बघून भीती वाटली, त्याने झाडाला काळ्या खडूने रंगवलं. तिघेही बरोबर, कारण तिघांचंही बोट ओळीवर होतं. मोठमोठ्या समीक्षकांचं या आठ ओळींवर एकमत झालेलं नाही, तर सातवीच्या पोरांचं कशाला व्हायला हवं?

निसर्गाला माणसासारखं वागायला लावणं याला चेतनगुणोक्ती अलंकार म्हणतात, पण हे नाव सगळ्यात शेवटी सांगा. आधी सांगितलंत तर पोर नाव लिहून हात झटकतं.

*

दहावीवाला:

सर, हे सगळं वाचायला मस्त आहे, पण रसग्रहणात मी स्वतःच्या मनाचं लिहिलं तेव्हा चारपैकी दोन मिळाले. मित्राने गाईडमधलं 'कवीने निसर्गाचे मनोहारी चित्र रेखाटले आहे' असं छापलं, त्याला तीन. मग काय करायचं?

*

मडकईचा मास्तर:

बाळा, तुझं उत्तर न बघता गुणांवर बोलणार नाही. पण मी पेपर तपासले आहेत, तेव्हा आतली बाजू सांगतो. ते 'मनोहारी चित्र' गठ्ठ्यात इतक्या वेळा येतं की तपासणारा ते वाचतही नाही, पुढे काय आहे ते बघतो. तुझ्या मित्राच्या उत्तरात पुढे काहीतरी असणार.

स्वतःच्या उत्तराची एक चाचणी घरी करून बघ. कवितेचं नाव पुसून तिथे दुसऱ्या कुठल्याही कवितेचं नाव घाल. उत्तर तसंच्या तसं चाललं तर ते उत्तर नव्हे, ती नुसती रंगरंगोटी. 'मनोहारी चित्र' पावसावरच्या कवितेला चालतं, चांदण्यावरच्या चालतं, शिगम्यावरच्याही चालेल. 'या कवितेत गाव आहे पण माणूस नाही' हे मात्र दुसरीकडे चिकटणार नाही.

आणि 'मनाचं' लिहिताना बरीच पोरं नुसतंच मनाचं लिहितात, 'मला ही कविता खूप आवडली, मला माझं आजोळ आठवलं'. आजोळ आठवलं हे ठीक, कुठल्या ओळीने आठवलं? ती ओळ अवतरणात लिही, तिच्यातून तुला काय दिसलं ते लिही, मग वाटलं ते. मग तपासणाऱ्याला गुण कापायला जागा सापडत नाही, आणि तो जागा शोधत असतो हे मी नाकारत नाही.

*

शिरगावच्या वाटेवर:

मी प्राथमिकला आहे, डिचोली तालुक्यात. आमच्या भागात तर पुराणकथा पुस्तकात शोधायला नको, सात बहिणी देवी आणि त्यांचा एक भाऊ घराघरात आहेत. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मोरजीची मोरजाई, आणि म्हापशाची मिराबाय, जिला लोक तिथल्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण म्हणून मानतात. वर्गात हिंदू मुलं लईराईच्या बाजूने गोष्ट सांगतात, ख्रिश्चन मुलं मिलाग्रीसच्या फेस्ताच्या, म्हणजे चर्चमधल्या उत्सवाच्या बाजूने, आणि मग त्यांच्या लक्षात येतं की दोघं एकाच घरातल्या बहिणींबद्दल बोलताहेत. लईराईकडून तेल जातं, तिकडून फुलं येतात, हे सांगायला दोन्हीकडच्या पोरांची चढाओढ लागते.

तात्पर्य मी विचारतच नाही. आमच्याकडे सांगतात ते असं, की लईराईने भावाला, खेतोबाला, विस्तव आणायला पाठवलं, तो वाटेत खेळात रमला, उशीर झाला, तिने रागाच्या भरात त्याला लाथ मारली, मग तिला पश्चात्ताप झाला आणि ती निखाऱ्यांतून चालली. मी एवढंच विचारते, इथे चुकलं कोणाचं? अख्खा वर्ग खेतोबाच्या बाजूने उठतो. साहजिक आहे, खेळत होता बिचारा. मग मी म्हणते, बरं, लईराईच्या बाजूने कोणीतरी बोला. कोणी उठत नाही. शेवटी एखादी थोरली बहीण असलेली मुलगी उठते, जिला धाकट्याला सांभाळावं लागतं, आणि मग जे काही बोलते ते ऐकण्यासारखं असतं. देवी चुकली असं म्हटलं म्हणून घरी कोणी रागावलं, अशी तक्रार अजून आलेली नाही. गोष्टच सांगते ना की तिला स्वतःला तसं वाटलं.

मास्तर, खडूंचा प्रयोग मी तिसरीला करून बघणार. 'औदुंबर' नाही, एखादी छोटी कविता.

*

मयेकरीण:

सगळ्यांचे आभार. रविवारी बसलो. तिसवाडीच्या बाईंचं आणि मास्तरांचं एकत्र केलं: त्याला म्हटलं, उतारा परत वाच आणि आजीला कोकणीतून सांग, बघून नाही. सासूबाईंनी आपली 'मागीर कितें जालें?' (मग काय झालं?) एवढीच टकळी चालू ठेवली. दानाची गोष्ट तो विसरलाच. थेट बाणावर आला. सासूबाई म्हणाल्या, 'आरे, पूण ताका जमीन नासली कित्याक?' (अरे, पण त्याला जमीन नव्हती का?) तिथे गाडी थांबली. मग काढून टाकायचा खेळ केला. त्यात तो इतका रमला की रामायणातून सुवर्णमृग काढून अख्खं युद्ध रद्द करून आला.

पण आता नवी शंका. म्हणतो, कश्यपाला एवढी पृथ्वी मिळाली, तर परशुरामाला राहायला एक कोपरा द्यायला काय झालं होतं? सासूबाईंकडे उत्तर नाही, माझ्याकडे तर नाहीच. 'चूक की बरोबर' वर मात्र तो अजून ठाम आहे, फक्त म्हणतो, पेपरात 'बरोबर' लिहीन आणि घरी 'चूक' म्हणेन.

नकाशा झाला. झाडाखाली त्याने चपला काढल्यात.

आणि मास्तर, एक शेवटचं. शिकवणीवाले सांगतात आधी प्रश्न वाचायचे आणि मग उतारा, वेळ वाचतो. तसं करू द्यावं का?

*

मडकईचा मास्तर:

चपलांना पूर्ण गुण.

कश्यपाबद्दल त्याने विचारलेलं फार जुनं आहे, त्याला सांगा. महाभारताच्या शांतिपर्वात कश्यप कोपरा देणं सोडाच, परशुरामाला उलट सांगतो की आता माझ्या भूमीत राहू नकोस, दक्षिण समुद्राच्या काठी जा. आणि तिथे सागर स्वतःच त्याला शूर्पारक नावाचा देश करून देतो. शूर्पारक म्हणजे आपल्या मुंबईजवळचं सोपारा, असं मानतात. म्हणजे याही सांगण्यात त्याला जागा नाकारलेलीच आहे, फक्त समुद्राशी झटापट नाही. आता कश्यपाने घालवलं का, यावर तुमचं पोर, त्याचा बाप आणि आजी यांनी आपापलं म्हणणं मांडावं. क्षत्रियांना मारून मारून थकलेला योद्धा आपल्या राज्यात कोणाला हवा असेल, इथपासून सुरुवात करता येईल. घरी 'चूक' म्हणतो ते राहू दे.

प्रश्न आधी की उतारा आधी: माहितीचा उतारा असेल, खारफुटीवर, चंद्रयानावर, तर प्रश्न आधी वाचू दे, बिघडत नाही. गोष्ट असेल तर आधी गोष्ट एका दमात, मग प्रश्न, मग परत गोष्ट. प्रश्न आधी वाचलेलं पोर गोष्टीत उत्तरं वेचत फिरतं आणि त्या दानासारखी जागा पायाखालून निघून जाते. कवितेत तर प्रश्नांवर पट्टी ठेवून झाकायचे. मनातल्या मनात ओठ हलवत दोनदा कविता वाचायची, खटकलं तिथे पेन्सिलीने बारीक टिंब द्यायचं, मगच पट्टी काढायची. वेळ जातो म्हणाला तर घड्याळ लावून दाखवा, आठ ओळींना कितीसा लागतो. टिंब पेन्सिलीनेच, पेनाने नको. काही शाळांत प्रश्नपत्रिकेवर खुणा केलेल्या चालत नाहीत, आधी बाईंना विचारून ठेवा.